‘संरक्षक जनुक’ या संकल्पनेची चिकित्सा : मानवी जनुकीय विविधता आणि एचआयव्ही संसर्ग

सारांश :
एचआयव्हीच्या संसर्गाला सर्व माणसांची शरीरे सारखा प्रतिसाद देत नाहीत. या फरकाचा काही भाग आनुवंशिक आहे, हे १९९६ पासूनच्या संशोधनाने निर्विवादपणे सिद्ध केले आहे. तथापि या संशोधनाचे निष्कर्ष लोकप्रिय लेखनात, व्याख्यानांत आणि कित्येकदा वर्गातील अध्यापनातही ‘संरक्षक जनुक’ या एका शब्दात गुंडाळले जातात. ही संकल्पना अपुरी आहे. संरक्षण हा एखाद्या जनुकाचा अंगभूत गुण नसून शरीर, विषाणू, लोकसमूह आणि परिस्थिती यांच्या परस्परसंबंधातून निर्माण होणारी गोष्ट आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : एचआयव्ही, जनुकीय विविधता, सीसीआर५, एचएलए, लोकसमूह, विज्ञानाची समीक्षा.

प्रस्तावना :
एचआयव्हीचा संसर्ग झाल्यानंतर उपचार न घेतल्यास एड्सची अवस्था येण्यास सर्वसाधारणपणे आठ ते दहा वर्षे लागतात, असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. हा आकडा सरासरीचा आहे आणि सरासरीने पुष्कळ काही झाकले जाते. काहींची प्रतिकारशक्ती दोन-तीन वर्षांतच खचते, तर काहींच्या रक्तात उपचारांशिवायही वर्षानुवर्षे विषाणू जेमतेम आढळतो. वारंवार संपर्क येऊनही ज्यांना संसर्ग होतच नाही, अशा मोजक्या व्यक्तीही अभ्यासकांना आढळल्या आहेत. हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नाच्या उत्तरांपैकी एक उत्तर मानवी जनुकांत आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त एका साध्या प्रसंगाचे आहे. रेड रिबन क्लबच्या एका कार्यक्रमात वक्त्यांनी ‘जगात शंभरातील एका माणसाला एचआयव्ही होऊच शकत नाही’ असे विधान केले. कार्यक्रम संपल्यावर एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकाला बाजूला घेऊन विचारले, “सर, आपण त्या एकात आहोत की नाही, हे कुठे तपासून मिळते?” त्याच्या प्रश्नात कुतूहल होते, पण त्याहून अधिक आशा होती, सावधगिरीतून सूट मिळण्याची आशा. विधान पूर्णतः खोटे नव्हते, परंतु त्या सभागृहातील श्रोत्यांच्या बाबतीत ते खरेही नव्हते. असे अर्धसत्य कसे तयार होते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. सीसीआर५ : एका अपूर्ण जनुकाची कीर्ती
एचआयव्ही हा विषाणू पांढऱ्या पेशीत शिरताना पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी४ या प्रथिनाला चिकटतो. परंतु एवढ्याने प्रवेश होत नाही. त्याला दुसऱ्या एका ग्राही प्रथिनाची गरज असते. बहुतेक संसर्गांच्या आरंभी हे काम सीसीआर५ नावाचे प्रथिन करते, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी आणखी एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. काही माणसांत सीसीआर५ च्या जनुकातील ३२ आधारजोड्या गळालेल्या असतात. त्यामुळे तयार होणारे प्रथिन अपुरे राहते आणि पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. आई आणि वडील या दोघांकडूनही हे ‘डेल्टा-३२’ रूप मिळालेल्या व्यक्तीच्या पेशींत सीसीआर५ वापरणाऱ्या विषाणूला प्रवेश मिळत नाही. एकाच पालकाकडून ते मिळाल्यास संसर्ग होतो, मात्र आजाराची वाटचाल काहीशी मंदावते.

या शोधाचे मोल मोठे आहे. सीसीआर५ ची वाट अडवणारे मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये मान्यता पावले, ते याच ज्ञानाच्या बळावर. बर्लिनमध्ये रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे टिमोथी रे ब्राऊन यांना २००७ मध्ये डेल्टा-३२ ची दोन्ही रूपे असलेल्या दात्याच्या मूलपेशी देण्यात आल्या. त्यानंतर त्यांच्या शरीरात एचआयव्ही पुन्हा उद्भवला नाही. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले ते कर्करोग उलटल्यामुळे; एचआयव्हीमुळे नव्हे.

मात्र या यशकथेतच तिच्या मर्यादाही आहेत. पहिली मर्यादा अशी की, काही विषाणू सीसीआर५ ऐवजी सीएक्ससीआर४ हे दुसरे ग्राही प्रथिन वापरतात. त्यामुळे डेल्टा-३२ ची दोन्ही रूपे असूनही संसर्ग झाल्याची उदाहरणे १९९७ पासून नोंदलेली आहेत. दुसरी मर्यादा प्रत्यारोपणाच्या निष्कर्षाविषयी आहे. २०२३ मध्ये ‘जिनिव्हा रुग्ण’ म्हणून नोंदल्या गेलेल्या व्यक्तीचा दाता डेल्टा-३२ चा वाहक नव्हता, तरीही औषधे थांबविल्यानंतर त्या रुग्णात विषाणू परतला नाही. म्हणजे ब्राऊन यांच्या उदाहरणात सारे श्रेय ज्या जनुकाला दिले गेले, त्यातील काही वाटा प्रत्यारोपित पेशींनी जुन्या, विषाणू दडलेल्या पेशी नष्ट करण्याच्या प्रक्रियेलाही द्यावा लागतो. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. डेल्टा-३२ हे ‘जादा’ मिळालेले सामर्थ्य नसून एका प्रथिनाचा अभाव आहे, आणि अभावाची किंमत असते. वेस्ट नाईल विषाणूच्या संसर्गात हेच रूप धारण करणाऱ्यांना गंभीर आजाराचा धोका अधिक असतो, असे २००६ मध्ये दिसून आले. एका विषाणूसमोर जे संरक्षक, तेच दुसऱ्यासमोर घातक ठरत असेल, तर ‘संरक्षक’ हे विशेषण जनुकाला लावावे की प्रसंगाला, असा प्रश्न उपस्थित होतो.

२. प्लेगची कथा : पुराव्यापुढे धावलेले कथन
डेल्टा-३२ उत्तर युरोपात दर शंभर जनुकप्रतींमागे सुमारे दहा इतक्या प्रमाणात आढळते. आफ्रिकेतील आणि पूर्व आशियातील मूळ लोकसमूहांत ते जवळजवळ नाही. ही असमान वाटणी कशी झाली? १९९८ मध्ये एका अभ्यासाने या बदलाचे वय सुमारे सातशे वर्षे काढले आणि चौदाव्या शतकातील प्लेगच्या महामारीत या रूपाचे वाहक वाचले असावेत, अशी शक्यता मांडली. कल्पना आकर्षक होती. एका महामारीने दुसऱ्या महामारीसाठी माणसाला सज्ज केले, हे कथन वृत्तपत्रांनी व माहितीपटांनी उचलून धरले.

पुढे काय झाले ते मात्र तितक्या आवडीने सांगितले गेले नाही. २००३ मध्ये प्लेगऐवजी देवीचा रोग अधिक संभाव्य कारण असल्याचे गणिती प्रारूपाने सुचविले. २००४ मध्ये सीसीआर५ नसलेल्या उंदरांना प्लेगच्या जंतूपासून संरक्षण मिळत नाही, असे प्रयोगात दिसले. २००५ मध्ये या बदलाचे वय पाच हजार वर्षांहून अधिक असल्याचा अंदाज पुढे आला. २०२५ मध्ये प्राचीन सांगाड्यांतील डीएनएवर आधारलेल्या अभ्यासाने त्याचा उगम सुमारे ६,७०० ते ९,००० वर्षांपूर्वी, काळ्या समुद्राच्या परिसरात झाल्याचे मांडले. अर्थात चौदाव्या शतकातील प्लेग येण्यापूर्वीच हे रूप युरोपात नांदत होते. तरीही प्लेगची कथा आजही अनेक ठिकाणी निर्विवाद सत्य म्हणून सांगितली जाते. विज्ञानाने आपली चूक दुरुस्त केली, परंतु विज्ञान सांगणाऱ्यांनी ती दुरुस्ती पोहोचविली नाही.

३. नैरोबीतील स्त्रिया : जनुकापलीकडचे संरक्षण
केनियातील नैरोबी येथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा दीर्घ अभ्यास १९८५ च्या सुमारास सुरू झाला. संसर्गाचा अतिशय मोठा धोका असूनही त्यांपैकी काही स्त्रिया वर्षानुवर्षे संसर्गमुक्त राहिल्या. डेल्टा-३२ हे त्याचे कारण असू शकत नव्हते. त्या लोकसमूहात ते आढळतच नाही. त्यांच्या शरीरात एचआयव्हीबाधित पेशी ओळखणाऱ्या पेशी सापडल्या आणि काही एचएलए रूपांशीही त्यांच्या संरक्षणाचा संबंध जोडला गेला.

परंतु २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणाने या चित्राला वेगळे वळण दिले. इतकी वर्षे सुरक्षित राहिलेल्या काही स्त्रियांना पुढे संसर्ग झाला, आणि हा संसर्ग आधीच्या वर्षभरात व्यवसाय कमी केल्याशी किंवा त्यात खंड पडल्याशी निगडित असल्याचे दिसले. विषाणूशी सतत येणाऱ्या संपर्कामुळे जागी राहणारी प्रतिकारक्षमता खंडामुळे मंदावली असावी, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. जनुके तीच होती; जगणे बदलले होते. ‘जन्मजात संरक्षण’ या कल्पनेला याहून गंभीर आव्हान क्वचितच मिळाले असेल. त्याचबरोबर एक नैतिक प्रश्नही येथे उभा राहतो. ज्या स्त्रियांचे दारिद्र्य आणि धोका हीच या ज्ञानाची सामग्री होती, त्यांचा उल्लेख लोकप्रिय लेखनात ‘निसर्गाचा चमत्कार’ असा होतो. त्यांच्या आयुष्यातील धोका कमी कसा करता येईल, हा प्रश्न मागे पडतो.

४. एचएलए : संरक्षण हे एक नाते
संसर्ग झाल्यानंतर आजाराची गती ठरविण्यात सर्वाधिक आनुवंशिक वाटा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा आहे. एचएलए प्रथिने पेशीच्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर आणून मांडतात. ते तुकडे परके असल्यास मारक पेशी त्या पेशीचा नाश करतात. ही जनुके मानवी जनुकसंचातील सर्वाधिक वैविध्यपूर्ण जनुकांपैकी आहेत. दोन्ही पालकांकडून भिन्न एचएलए रूपे मिळालेल्या रुग्णांत आजार अधिक सावकाश वाढतो, असे १९९९ मध्ये दाखविण्यात आले. ज्याच्याकडे मांडणीच्या अधिक तऱ्हा, त्याला विषाणू ओळखण्याच्या अधिक संधी.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात उपचारांशिवाय विषाणू काबूत ठेवणाऱ्या ९७४ व्यक्तींची तुलना आजार वाढत गेलेल्या २,६४८ व्यक्तींशी केली गेली. ठळक फरक आढळला तो एचएलए-बी प्रथिनाच्या ज्या खोबणीत विषाणूचा तुकडा बसतो, त्या खोबणीतील मोजक्या अमिनो आम्लांत. बी ५७ आणि बी २७ ही रूपे विषाणूच्या अशा भागांना पकडतात की, ते भाग बदलल्यास विषाणू स्वतःच दुबळा होतो. त्यांच्या संरक्षणाचे रहस्य हेच आहे.

पण विषाणूही स्थिर नसतो. जपानमध्ये एचएलए-बी ५१ हे रूप पुष्कळ लोकांत आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी संसर्ग झालेल्या रुग्णांना त्याचा लाभ झाला. नंतरच्या रुग्णांना तो झाला नाही, कारण या रूपाला चकवणारे विषाणू तेथे पसरले होते. हे निरीक्षण २००९ मधील आहे. २०१४ मध्ये बोट्सवानातही असेच चित्र दिसले. बी ५७ चे संरक्षण तेथे जवळजवळ उरले नव्हते. एखादे रूप समाजात जितके सर्रास आढळते, तितका विषाणूला त्याच्याशी जुळवून घेण्याचा अवसर मिळतो. सबब ‘बी ५७ संरक्षक आहे’ हे विधान स्थळ आणि काळ सांगितल्याशिवाय अपुरे ठरते.

शिवाय हेच एचएलए रूप वेगळ्या ठिकाणी वेगळे वागते. बी २७ धारण करणाऱ्यांना मणक्याच्या विशिष्ट संधिवाताचा धोका अधिक असतो. बी ५७ च्या ५७:०१ या प्रकारामुळे अबाकाविर या एचआयव्हीविरोधी औषधाची गंभीर, प्रसंगी प्राणघातक प्रतिक्रिया उमटते. १,९५६ रुग्णांवरील २००८ च्या अभ्यासाने दाखवून दिले की, औषधापूर्वी ही चाचणी केल्यास प्रतिकारशास्त्रीय रीतीने निश्चित झालेल्या प्रतिक्रियांचे प्रमाण २.७ टक्क्यांवरून शून्यावर येते. जनुकीय ज्ञानाचा रुग्णाला थेट उपयोग झाल्याचे हे उत्तम उदाहरण होय. त्यात चमत्कार नाही, म्हणूनच कदाचित त्याची कथा झाली नाही.

५. नमुना कोणाचा, निष्कर्ष कोणासाठी?
या क्षेत्रातील अनेक दावे पुढे टिकले नाहीत. सीसीएल३एल१ या जनुकाच्या प्रतींची संख्या कमी असल्यास संसर्गाचा धोका वाढतो, हा २००५ मधील गाजलेला निष्कर्ष २००९ मध्ये स्वतंत्र तपासण्यांत सिद्ध झाला नाही. २०१३ मध्ये ६,३०० हून अधिक बाधित व ७,२०० हून अधिक अन्य व्यक्तींची तुलना झाली, तेव्हा संसर्ग होण्या-न होण्याशी निश्चित संबंध एकट्या डेल्टा-३२ च्या दुहेरी रूपाचाच आढळला. २०१५ च्या अभ्यासानुसार युरोपीय वंशाच्या रुग्णांतील विषाणूभाराच्या फरकापैकी सुमारे २५ टक्केच भाग रुग्णाच्या आनुवंशिकतेने स्पष्ट होतो. उरलेला भाग विषाणूचा स्वतःचा प्रकार आणि इतर कारणे यांकडे जातो.

येथे ‘युरोपीय वंशाच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एचआयव्हीचा सर्वाधिक भार आफ्रिकेने सोसला. परंतु जनुकीय अभ्यासाचे नमुने प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे राहिले. आफ्रिकी वंशाच्या ३,८७९ व्यक्तींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सीएचडी१एल या जनुकाजवळ विषाणूभाराशी संबंधित असे बदल सापडले, जे आफ्रिकी वंशाच्या लोकांतच आढळतात. ते पूर्वीच्या अभ्यासांना दिसणे शक्यच नव्हते. जेथे पाहिले नाही तेथे सापडणार कसे?

६. कथनाकडून कृतीकडे : शेन्झेनचे प्रकरण
चुकीची संकल्पना केवळ पुस्तकात राहत नाही. चीनमधील हे जियानक्वी या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जुळ्या मुलींच्या भ्रूणावस्थेतच सीसीआर५ जनुकात फेरफार केल्याचे जाहीर केले. मुलींचे वडील एचआयव्हीबाधित होते. त्यांच्याकडून अपत्यास संसर्ग होऊ नये यासाठी शुक्रजंतू धुऊन वेगळे करण्याची सुरक्षित पद्धत आधीच उपलब्ध होती. केलेले फेरफार नैसर्गिक डेल्टा-३२ शी जुळतही नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये शेन्झेनच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. ‘एक जनुक काढले की संरक्षण मिळाले’ या सुलभीकरणाने येथे दोन बालकांच्या शरीरापर्यंत मजल मारली.

या प्रकरणाचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. जून २०१९ मध्ये डेल्टा-३२ च्या दुहेरी रूपामुळे मृत्यूचा धोका २१ टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि टीकाकारांनी तो हाती घेतला. जनुकरूप नोंदविण्यातील त्रुटीमुळे तो शोधनिबंध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. जनुकाचे गुणगान करणाऱ्यांइतकीच घाई त्याला दोष देणाऱ्यांनीही केली. समीक्षकाने आपल्या सोयीच्या पुराव्याकडेही तितक्याच कठोरपणे पाहिले पाहिजे, हा धडा प्रस्तुत लेखकालाही लागू आहे.

७. भारतीय संदर्भ
भारतात डेल्टा-३२ अत्यंत विरळ आहे. ‘शंभरात एक’ हे प्रमाण मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांचे आहे. भारतात प्रामुख्याने विषाणूचा ‘सी’ हा उपप्रकार आढळतो, तर पाश्चात्त्य अभ्यासांत बहुधा ‘बी’ असतो. म्हणजे यजमान वेगळा आणि पाहुणाही वेगळा. पुण्यात १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली असली, तरी आपल्या अध्यापनातील आकडे अद्याप बहुतांशी बाहेरचेच आहेत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाचे वाचन झाले असून ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. ही उणीव भरून काढण्याची संधी त्यातून उपलब्ध झाली आहे.

येथे एक धोकाही संभवतो. भारतीय समाजात सुमारे दोन हजार वर्षे गटांतर्गत विवाहाची प्रथा दृढ राहिल्याचे जनुकीय अभ्यासांनी दाखविले आहे. त्यामुळे काही जनुकरूपांचे प्रमाण गटागटांत भिन्न असू शकते. ‘अमुक जातीत प्रतिकारशक्ती अधिक’ अशी विधाने त्यातून सहज जन्मू शकतात. परंतु प्रमाण हा समूहाचा गुण आहे, व्यक्तीचे भाकीत नव्हे. शिवाय ज्या आजाराने बाधित व्यक्तींना घर, नोकरी आणि प्रसंगी स्मशानातील जागाही नाकारली गेली, त्याच्या बाबतीत रक्ताच्या श्रेष्ठत्वाची भाषा कलंकाला नवे बळ देईल. एचआयव्हीबाधितांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. अध्यापनाची भाषा त्याच्या भावनेशी सुसंगत असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

निष्कर्ष :
१. मानवी जनुकीय विविधतेचा एचआयव्ही संसर्गावरील परिणाम सिद्ध आहे. परंतु तो आंशिक आणि परिस्थितीसापेक्ष आहे.
२. ‘संरक्षक जनुक’ ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. ‘अमुक विषाणूबाबत, अमुक लोकसमूहात संरक्षणाशी संबंधित जनुकरूप’ असे म्हणणे लांबट असले तरी यथार्थ आहे.
३. नाकारले गेलेले आणि मागे घेतलेले निष्कर्षही अध्यापनाचा भाग व्हावेत. त्यांतूनच विज्ञानाची कार्यपद्धती विद्यार्थ्यांना कळते.
४. भारतीय नमुन्यांवरील संशोधन वाढले पाहिजे, आणि त्याची मांडणी जातीय अर्थाला वाव न देता झाली पाहिजे.

समारोप :
कपाळी लिहिलेले टळत नाही, असे आपल्याकडे म्हटले जाते. दैवाच्या जागी जनुक आणून बसविल्याने ही समजूत वैज्ञानिक होत नाही. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. विषाणू काबूत ठेवण्याचे जे सामर्थ्य निसर्गाने फार थोड्यांना दिले, ते या गोळ्यांनी कोणाचेही जनुक न विचारता असंख्य रुग्णांना दिले. नियमित उपचारांनी ज्यांच्या रक्तात विषाणू आढळेनासा होतो, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हेही आता प्रस्थापित झाले आहे. त्या विद्यार्थ्याला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर एवढेच : तपासायचे असेल तर एचआयव्हीची चाचणी करून घे; ती शासकीय रुग्णालयात मोफत होते आणि तिचा निकाल गोपनीय राहतो. जनुकांचा अभ्यास आपण वर्गात करू.